बारशाआधीची घाई

कोकणात प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर पहिला प्रश्न एकच असतो : "काय झालं?" बाळंतीण कशी आहे, टाके किती पडले, बाळ लगेच रडलं का, हे सगळं नंतर. पेणचं उपजिल्हा रुग्णालय असो की रोह्याचं, दार किलकिलं होतं, सिस्टर दोन शब्द बोलते आणि बाहेर ताटकळलेल्या काका, मामा, आत्या मंडळींपैकी कोणीतरी मिठाईच्या दुकानाकडे निघतं. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी.

कधीतरी मात्र सिस्टर दार उघडत नाही.

आत टेबलावर बाळ पुसून, गुंडाळून ठेवलेलं असतं. रडून झालेलं, गुलाबी, पावणेतीन किलोचं. हातापायांची बोटं मोजलेली असतात, टाळू पाहिलेली असते, पाठीच्या कण्यावरून बोट फिरवलेलं असतं. मनगटाला बांधायच्या पट्टीवर आईचं नाव, तारीख, वेळ लिहून होते आणि पुढच्या एका शब्दाशी पेन थांबतं. बाळाचा अवयव शिश्न म्हणावा तर लहान आहे, शिश्निका म्हणावी तर मोठा. खाली अंडकोशासारखी सुरकुतलेली त्वचा आहे, पण चाचपून पाहिलं तर आत वृषण हाताला लागत नाही. सिस्टर डॉक्टरांकडे पाहते. डॉक्टर दिवा जवळ ओढून पुन्हा एकदा वाकतात. बाहेर "काय झालं?" असं तिसऱ्यांदा विचारून होतं.

त्यानंतरच्या काही तासांत त्या खोलीत आणि त्या खोलीबाहेर जे बोललं जातं, जे ठरवलं जातं, त्याचे परिणाम ते बाळ साठ-सत्तर वर्षं भोगतं. म्हणून या तासांकडे नीट पाहायला हवं.

मराठीने अशा बाळाची सोय फार आधी करून ठेवली आहे. ते बाळ, ते मूल, ते लेकरू, ते पोर. मांडीवरच्या जिवाला मराठी माणूस नपुंसकलिंगात बोलावतो आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. ते दूध पितं, ते झोपतं, ते रांगतं. मुलगा की मुलगी हे भाषेला पहिल्या दिवशी कळावंच लागत नाही. तेच मूल चौदा वर्षांचं झालं की मात्र याच भाषेत त्याच्यासाठी चिडवण्याचे शब्द तेवढे उरतात. 'उभयलिंगी' म्हणावं तर त्याचे दोन-तीन वेगळे अर्थ होतात, 'नपुंसक' ही तर शिवीच. अलीकडे 'आंतरलिंगी' हा शब्द रुळू लागला आहे आणि 'इंटरसेक्स' हा इंग्रजी शब्दही तसाच वापरला जातो. पुण्यात समपथिक ट्रस्टची स्थापना करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीत पुस्तिका लिहिली, तेव्हा सोप्या मराठीत हे समजावून सांगणारं दुसरं फारसं काही हाताशी नव्हतं.

आंतरलिंगी म्हणजे कोण, तर ज्यांची गुणसूत्रं, संप्रेरकं, आतली प्रजनन इंद्रियं किंवा बाहेरचे अवयव हे पुरुष आणि स्त्री या दोन ठरीव साच्यांपैकी एकात पुरते बसत नाहीत अशी माणसं. हे शरीराबद्दल झालं. मनाने आपण स्त्री आहोत की पुरुष, आपल्याला कोण आवडतं, हे प्रश्न वेगळे. हिजडा समाज हा आणखी वेगळा, त्याची परंपरा आहे, घराणी आहेत, गुरू-चेल्याचं नातं आहे. काही आंतरलिंगी माणसं त्या समाजात आहेत, पण बहुसंख्य तुमच्याआमच्या घरांत आहेत. कोणी काकू आहे जिला कधीच मूल झालं नाही, कोणी भाऊ आहे ज्याने लग्नाचा विषय काढू दिला नाही.

किती असतील? जन्मतःच डोळ्यांना दिसेल इतका फरक साधारण साडेचार-पाच हजार बाळांमागे एकात असतो, असं वैद्यकात मानतात. पण कित्येक फरक वयात येताना कळतात, काही तर कधीच कळत नाहीत. ते सगळे धरून संयुक्त राष्ट्रं लोकसंख्येच्या ०.०५ ते १.७ टक्के असा अंदाज देतात. व्याख्या कुठवर ताणायची यावर वाद आहे, म्हणून तफावत एवढी मोठी. सर्वांत कमी आकडा घेऊ. २०११ च्या जनगणनेत रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार होती. त्याचे ०.०५ टक्के म्हणजे तेराशेच्या वर माणसं. आपल्याकडे ती वेगळी मोजलेली नाहीत. केनियाने मोजली. तिथल्या २०१९ च्या जनगणनेत आंतरलिंगी असा वेगळा रकाना होता आणि १,५२४ जणांनी त्यात आपली नोंद केली.

आता पुन्हा त्या टेबलाकडे येऊ, कारण तिथे एक खरी घाई आहे आणि एक खोटी. आधी खरी.

पेणच्या खाडीपट्ट्याला मिठाचं महत्त्व सांगायला नको. इथे पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं पिकली, आगरी हे नावही मिठाच्या आगरावरून आलं असं मानतात. टेबलावरच्या त्या बाळाचा प्राणही बहुधा मिठातच अडकलेला असतो. अशा बाळांमध्ये सर्वाधिक आढळणारं कारण आहे जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी, डॉक्टरांच्या तोंडी 'सीएएच'. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी एक विकर नसल्यामुळे कॉर्टिसॉल पुरेसं बनवू शकत नाही. त्याचा कच्चा माल साचतो आणि पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. बाळाची गुणसूत्रं एक्सएक्स असतात, पोटात गर्भाशय आणि बीजकोश जागच्या जागी असतात, पण बाहेरचे अवयव मुलासारखे दिसू लागतात. हा झाला दिसणारा भाग. न दिसणारा भाग जीवघेणा. अशा बऱ्याच बाळांच्या शरीरातून लघवीवाटे मीठ वाहून जातं. रक्तातलं सोडियम उतरतं, पोटॅशियम चढतं. एक ते तीन आठवड्यांत बाळ दूध टाकतं, उलट्या करतं, गळून जातं आणि वेळेवर कळलं नाही तर दगावतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर केलेल्या नवजात तपासणीत हा आजार ५,७६२ बाळांमागे एकात आढळला.

उपचार माहीत आहेत. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या, मीठ धरून ठेवणारं फ्लूड्रोकॉर्टिसोन आणि तान्हेपणी डॉक्टरांनी मोजून दिलेलं मीठ. एवढ्यावर बाळ वाढतं, शाळेत जातं, म्हातारं होतं. पहिल्या आठवड्यात हवी असते ती रक्तातल्या सोडियम, पोटॅशियम आणि साखरेची तपासणी, १७-ओएचपी नावाची संप्रेरकाची चाचणी आणि पोटाची सोनोग्राफी. गुणसूत्रांचा अहवाल यायला वेळ लागतो, येऊ द्यावा. दुःख याचं की याच आजाराच्या मुलग्यांमध्ये बाहेरून काहीच वेगळं दिसत नाही. ते बाळ पेढे वाटून घरी जातं आणि बारशाच्या सुमाराला अचानक मरतं. जुलाब-उलटीने गेलं, असं लोक म्हणतात. केरळमध्ये सरकारी रुग्णालयांतल्या नवजात रक्तचाचणीत हा आजार धरलेला आहे. रायगडच्या बाळाला ती चाचणी तितकीच लागते.

देशपातळीवरचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत इथून फार लांब नाही, पालघरला सुरू झाला. त्यात प्रत्येक नवजात बाळ डोक्यापासून पायापर्यंत पाहायचं असतं. पाहण्याच्या जन्मजात दोषांची यादी नऊ नावांची. दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, मोतीबिंदू, हृदयदोष वगैरे. जननेंद्रियांतला फरक त्या नवांत नाही. यादीत नसलेल्या गोष्टीचं प्रशिक्षण कोणी देत नाही आणि मग ऐनवेळी सिस्टरची बिचारीची जीभ टाळूला चिकटते.

खोटी घाई आहे ती मुलगा की मुलगी हे ठरवण्याची.

बाराव्या दिवशी बारसं. एकवीस दिवसांत जन्माची नोंद. या दोन तारखांनी घर हवालदिल होतं. यातली एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते : जन्माची नोंद नावाशिवाय होते आणि बाळाचं नाव बारा महिन्यांपर्यंत कोणतंही शुल्क न भरता नंतर घालता येतं. बारसं करायचंच असेल तर किरण आहे, सुमन आहे, शशी आहे. मराठीत अशी नावं मुलग्यांनी आणि मुलींनी सारख्याच मानाने वापरली आहेत. बाळ मुलगा म्हणून वाढवायचं की मुलगी, हे तपासण्या झाल्यावर डॉक्टर आणि आईवडिलांनी मिळून ठरवावं, त्याला कोणाची हरकत नाही. पुढे त्या मुलाने स्वतः वेगळं सांगितलं तर कागद बदलता येतात. कापलेला अवयव परत येत नाही.

अशा बाळांचे अवयव कापून एका साच्यात बसवण्याची पद्धत फार जुनी नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाने मांडलं की मूल दीड-दोन वर्षांचं होण्याआधी अवयव एका बाजूचे करून टाकले, त्याप्रमाणे वाढवलं आणि कोणाला कळू दिलं नाही, तर मूल तसंच घडतं. जगभरच्या शल्यचिकित्सकांनी ते प्रमाण मानलं. मनींचा सर्वांत गाजलेला पुरावा होता डेव्हिड रायमर. हा कॅनडाचा मुलगा आंतरलिंगी नव्हता, सुंतेच्या वेळच्या अपघातात त्याचं शिश्न जळालं आणि मनींच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवण्यात आलं. तो कधीच मुलगी झाला नाही. किशोरवयात त्याने पुरुष म्हणून जगायला सुरुवात केली, १९९७ मध्ये त्याची खरी हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली आणि २००४ मध्ये त्याने आत्महत्या केली. सिद्धांताचा पाया ढासळला, शस्त्रक्रिया चालू राहिल्या. पुढे त्याच अमेरिकेत शिकागोच्या लुरी बालरुग्णालयाने २०२० मध्ये अशा शस्त्रक्रियांबद्दल जाहीर माफी मागितली.

मोठी झालेली आंतरलिंगी माणसं सांगतात ते ऐकायला धीर लागतो. संवेदना गेलेली त्वचा. एकामागून एक पाच-सहा ऑपरेशनं, प्रत्येक वेळी नवीन विद्यार्थ्यांच्या घोळक्यापुढे उघडं केलेलं शरीर. ग्रंथी काढून टाकल्याने जन्मभर संप्रेरकांच्या गोळ्या, हाडं ठिसूळ. मूल होण्याची जी काही शक्यता होती ती संपलेली. आणि या सगळ्यावर घरातली चुप्पी.

लघवीचा मार्गच बंद असेल, जिवाला धोका असेल, तर ऑपरेशन करायलाच हवं. त्यावर वाद नाही. वाद आहे तो केवळ अवयव 'नीट दिसावा' म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेवर. पेणजवळ हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती वाळते, रंग बसतो आणि मगच आखणीचा कारागीर डोळ्यांना हात लावतो, कारण ती रेघ पुसता येत नाही. मातीच्या मूर्तीसाठी जी सबुरी आपण धरतो, ती जिवंत लेकरासाठी धरता यायला हवी.

महाराष्ट्राने तर लिंगनिवडीच्या बाबतीत एकदा देशाला वाट दाखवली आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा १९८८ मध्ये सर्वांत आधी या राज्याने केला, केंद्राचा कायदा नंतर आला. पोटातल्या बाळाचं लिंग निवडायचा हक्क आईवडिलांना नाही, डॉक्टरांनाही नाही, हे आपण मान्य केलं. मग जन्मलेल्या बाळाचं लिंग सुरीने निवडण्याचा हक्क त्यांना कुठून आला? जिथे मुलग्याची आस एवढी तीव्र आहे, तिथे गर्भाशय असलेल्या बाळालाही 'मुलगाच करून द्या' असा आग्रह होतो. ही जन्मानंतरची लिंगनिवड आहे आणि तिला तेच नाव द्यायला हवं.

या बाबतीत तामिळनाडू पुढे गेला. २२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाचे न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांच्यापुढे एका विवाहनोंदणीचा खटला होता. निकाल देताना त्यांनी आंतरलिंगी अर्भकांवरच्या या शस्त्रक्रियांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला आणि त्या थांबवण्याचा आदेश दिला. पालकांची संमती ही मुलाची संमती मानता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. त्याच ऑगस्टमध्ये तामिळनाडू सरकारने जिवाला धोका असल्याखेरीज अशा शस्त्रक्रियांना बंदी घातली. माल्टा या चिमुकल्या देशाने ती २०१५ मध्येच घातली होती. २०२१ च्या जानेवारीत दिल्लीच्या बालहक्क आयोगानेही बंदीची शिफारस केली. मदुराईचे आंतरलिंगी कार्यकर्ते गोपी शंकर यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, एप्रिल २०२४ मध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने तिच्यावर केंद्राला नोटीस काढली. महाराष्ट्राने मात्र तामिळनाडूसारखा आदेश काढलेला नाही.

आपल्या राज्यात या माणसांचं दर्शन घडलं ते पोलिस खात्यात. दोन हकिकती, दोन्ही सार्वजनिक झालेल्या.

नाशिक ग्रामीण पोलिस दलाच्या २०१८ च्या भरतीत अनुसूचित जातीच्या एका तरुणीने महिला प्रवर्गातून अर्ज केला. लेखी झाली, मैदानी झाली. मग वैद्यकीय तपासणीत कळलं की तिच्या पोटात गर्भाशय आणि बीजकोश नाहीत आणि पुढच्या चाचणीत गुणसूत्रं पुरुषाची निघाली. जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेली, शाळेच्या दाखल्यापासून सगळ्या कागदांवर स्त्री असलेली ही मुलगी एका अहवालाने 'पुरुष' ठरली आणि तिची नोकरी गेली. भरतीच्या रांगेत, अनोळखी माणसांकडून तिला स्वतःच्या शरीराची ही बातमी मिळाली, हे थांबून वाचावं असं आहे. ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. मे २०२२ मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती माधव जामदार यांनी हे प्रकरण दुर्दैवी असल्याचं म्हटलं, तिला दोष देता येणार नाही असं नमूद केलं. महाधिवक्त्यांनी सरकार सहानुभूतीने पाहत असल्याचं सांगितलं आणि पोलिस खात्यातच, पण शिपाईपदाखेरीज इतर पदावर तिच्या नियुक्तीचा विचार करण्याचा मार्ग निघाला. चार वर्षं गेली, आणि मैदानात धावून मिळवलेली खाकी वर्दी नाही ती नाहीच.

दुसरी हकीकत बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातली. ललिता साळवे २०१० मध्ये महिला शिपाई म्हणून पोलिसांत लागली. पुढे तपासण्यांमध्ये वाय गुणसूत्र आढळलं. आपण पुरुष आहोत हे तिने स्वतः ओळखलं होतं. शस्त्रक्रियेसाठी रजा आणि नोकरी टिकवण्याची हमी मागितली तर खात्याने २०१७ मध्ये नकार दिला. उच्च न्यायालय, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण (मॅट), मंत्रालय अशा पायऱ्या चढाव्या लागल्या. परवानगी मिळाल्यावर २५ मे २०१८ रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे पुन्हा कामावर रुजू झाले. २०२० मध्ये त्यांचं लग्न झालं, २०२४ च्या जानेवारीत ते बाप झाले.

या हकिकतीतली उलटी गोष्ट डोळ्यांत सलते. तिशीच्या उंबरठ्यावरच्या, कमावत्या, शहाण्या माणसाला स्वतःच्या शरीराबद्दल स्वतः निर्णय घ्यायचा होता, तर त्याला न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं. आणि आठ महिन्यांच्या बाळाबद्दल दुसऱ्यांनी घेतलेल्या निर्णयाला एका सहीखेरीज काही लागत नाही.

नाशिकच्या मुलीसारखं आपल्या भागात ज्यांना उशिरा कळतं, त्यांची वाट रोह्याहून दिव्याच्या गाडीने किंवा पेणहून एसटीने पनवेलमार्गे परळपर्यंत जाते. वाडिया, केईएम, राष्ट्रीय प्रजनन आणि बाल स्वास्थ्य संशोधन संस्था, सगळं तिथेच. सोळा वर्षं उलटली तरी पाळी आली नाही म्हणून आई मुलीला घेऊन निघते. अहवाल आईच्या हातात पडतो, कधी वडिलांना बाजूला बोलावून सांगितलं जातं, मुलीला 'छोटीशी गाठ आहे, काढावी लागेल' म्हणतात. पुरुषी संप्रेरकांना दाद न देणाऱ्या अशा शरीरात, अवयव पूर्णपणे मुलीसारखे असतील तेव्हा, पोटातल्या ग्रंथींना कर्करोगाचा धोका वयात येण्याआधी फार कमी असतो आणि त्या काढायच्या की नाही हे ती सज्ञान झाल्यावर तिच्याशी बोलून ठरवता येतं. पण त्या न सांगता काढल्या जातात. मग न सांगता लग्नही लावलं जातं आणि सासर फसवणुकीचा आरोप करतं, ज्या गोष्टीची तिला स्वतःलाच खबर नव्हती तिच्यासाठी.

तामिळनाडूच्या शांती सौंदराजनचं तर हे सगळ्या देशासमोर झालं. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवलेली ही धावपटू लिंगचाचणीत 'नापास' ठरली, पदक काढून घेतलं गेलं आणि बातमी तिच्या घरी दूरदर्शनवरून पोचली.

कायदा काही बाबतीत बाजूने आहे. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्यात आंतरलिंगी व्यक्तीची वेगळी व्याख्या दिली गेली. शाळा, दवाखाना, नोकरी, घर यांत भेदभावाला मनाई झाली. अशा मुलाला केवळ या कारणासाठी आईबापांपासून वेगळं करता येणार नाही, असंही तो कायदा म्हणतो. 'असलं मूल हिजड्यांना द्यावं लागतं' ही जी भीती गावोगाव सांगितली जाते तिला हे सरळ उत्तर आहे. पण आंतरलिंगी माणसांना त्याने तृतीयपंथी या एकाच शब्दाखाली घातलं, यावर त्यांच्यातल्या अनेकांची रास्त नाराजी आहे, आणि तान्ह्या बाळावरच्या शस्त्रक्रियेबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

दरवर्षी २६ ऑक्टोबरला जगभर आंतरलिंगी जागरूकता दिवस पाळतात. १९९६ मध्ये त्याच दिवशी बॉस्टनला बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेबाहेर काही आंतरलिंगी माणसं फलक घेऊन उभी राहिली होती, त्याची ही आठवण. आपल्याकडे तो दिवस बहुतेकदा दिवाळीच्या आगेमागे येतो. त्या सुमाराला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाने प्रसूतिकक्षातल्या सिस्टर आणि आशाताईंसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं, तालुक्याच्या दवाखान्यात सोडियम-पोटॅशियमची चाचणी रात्रीही होईल एवढं पाहिलं आणि राज्याने तामिळनाडूसारखा आदेश काढला, तर पुष्कळ काही होईल. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना मुंबईच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणी पेणला, रोह्याला प्रसूतिकक्षात काम करत असेल, तर विनंती एवढीच. बाहेरून "काय झालं?" असा आवाज येईल आणि उत्तर ठाऊक नसेल, तेव्हा दार उघडा. चेहरा नेहमीसारखा ठेवा. सांगा : बाळ झालं. दोघंही सुखरूप आहेत. सकाळी बाळाची रक्ततपासणी करायची आहे, घरचं कोणीतरी थांबा.